मुळासकट

गोल्फच्या मैदानावरचं भोक रोज सकाळी नव्या जागी पाडतात, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. मला वाटायचं, एकदा खणलं की ते जन्माचं. पण माझा थोरला भाऊ त्या मैदानाचा मुख्य माळी होता, म्हणून ही विद्या घरबसल्या मिळाली. उजाडायच्या आत दादा हातात पोलादी नळकांडं घेऊन निघायचा. हिरवळीवर एक जागा हेरायचा, नळकांडं दाबून फिरवायचा, मातीचा गोल गट्टू वर काढायचा आणि तोच गट्टू कालच्या भोकात असा बसवायचा, की सांधा दिसू नये. अठरा हिरवळींवर अठरा भोकं. त्याच्या मागून झारी घेऊन चालायचा त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा.

"आज कुठे पाडू रे?" दादा विचारायचा.

"तिकडे, उतारावर."

"उतारावर पाडलं तर खेळणारे शिव्या घालतील."

"घालू देत. आपण तेव्हा कुठे असतो ऐकायला?"

पुढे हा मुलगा धंदेवाईक गोल्फ खेळाडू झाला, बावीस वर्षं खेळला, तीनदा मोठ्या स्पर्धा जिंकला. त्याची हिरवळीवरची नजर कुठून आली, यावर जाणकारांनी बरंच लिहिलं. मला विचारलं असतं तर एका ओळीत सांगितलं असतं. बाकीचे खेळाडू चेंडूकडून भोकाकडे बघायला शिकले, हा भोकाकडून चेंडूकडे बघायला शिकला.

फलकावर त्याचं खरं नाव लागतं. घरात मात्र तो गवत्या. हे नाव मैदानाच्या सेक्रेटरींनी दिलं. सात वर्षांचा असताना हा हिरवळीवर गाल टेकून पालथा पडायचा आणि गवताची पाती कुठल्या बाजूला झुकली आहेत ते बघायचा. सेक्रेटरी एकदा चार पाहुण्यांसमोर म्हणाले, "ते बघा, माळ्याचं पोर चरतंय. गवत्या!" पाहुणे हसले. दादा कात्री पुसत म्हणाला, "चरू द्या साहेब. गवत मीच लावलंय." नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे गवत्या ते मिरवायलाही लागला.

खेळायला त्याला पहिला क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, मिळाला तो एका डावखुऱ्या सभासदाचा. सभासद वारले, त्यांच्या पत्नीने जुनं सामान माळ्याच्या खोलीत पाठवून दिलं. गवत्या लिहितो उजव्या हाताने, जेवतो उजव्या हाताने, पण चेंडू मारतो डावरा, कारण क्लबच तसा होता. "उलटा का मारतोस?" असं कोणी विचारलं की म्हणायचा, "काठी जशी वळलीय तसाच वळणार ना माणूस!" मैदान रिकामं झालं की तो शेवटच्या हिरवळीवर दिवस मावळेपर्यंत खेळायचा. सकाळी बापाने भोक पाडायचं, संध्याकाळी मुलाने त्यात चेंडू घालायचा.

एकोणिसाव्या वर्षी त्याने धंदेवाईक खेळाडूंची निवड परीक्षा दिली आणि पहिल्या झटक्यात पास झाला. सेक्रेटरींनी अभिनंदन केलं, तेही त्यांच्या पद्धतीने. "दोन वर्षांत येईल परत कात्री घेऊन. रक्तातली माती धुऊन जात नाही," असं ते दादाच्या तोंडावर म्हणाले. दादा कात्रीला धार लावत राहिला. वहिनी मात्र घरी येऊन आठवडाभर धुमसत होती.

आणि पहिल्याच स्पर्धेत गवत्याने सेक्रेटरींना खरं ठरवायची सोय केली. लाउडस्पीकरवरून नाव पुकारलं गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि या पठ्ठ्याने त्या टाळ्यांतच क्लब फिरवला. चेंडू वीस पावलं सरपटत झुडपात गेला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. मी तेव्हा रंगभूमीवर पाय रोवून उभी होते. "आत्या," म्हणाला, "इतके लोक बघत असतात, तेव्हा तुझे हात कापत नाहीत?"

"कापतात की. म्हणून तर बांगड्या घट्ट घालते, वाजू नयेत म्हणून."

मी त्याला थिएटरात घेऊन गेले. दुपारची वेळ, खुर्च्या रिकाम्या, सफाईवाला मधल्या वाटेत झाडू मारत होता. गवत्याला विंगेत उभं केलं, म्हटलं, ये आत. तो आला आणि लगेच तोंड उघडलं.

"थांब! टाळ्या चालू आहेत."

"कुठे?"

"आहेत असं समज. टाळ्यांवर बोललं की पहिलं वाक्य वाया जातं, लेका. लोकांना आधी पोटभर वाजवू दे. त्यांची हौस फिटली की ते गप्प होतात. ती शांतता तुझी. तिच्यात श्वास सोड, आणि मग बोल."

"मला बोलायचं नाही, मारायचंय."

"एकच आहे ते."

आम्ही ते पंधरा-वीस वेळा केलं. सफाईवाल्याने शेवटी झाडू खाली ठेवला आणि खरोखरच्या टाळ्या वाजवायला लागला, म्हणजे तालीम बरी व्हावी. माणसं चांगली असतात हो, त्यांना फक्त आपला प्रवेश कुठे आहे ते कळावं लागतं. त्यानंतर गवत्याचा पहिला फटका कधी झुडपात गेला नाही. समालोचक म्हणायचे, "हा खेळाडू सुरुवातीला विलक्षण थांबतो." थांबणारच.

पुढची आठ-नऊ वर्षं सुरळीत गेली. लग्न झालं. सूनबाई शहरात बस चालवते. तिचा नवरा चार दिवस अठरा भोकं चालून परत तिथेच येतो, याचं तिला फार हसू यायचं. "मी एवढं चालवलं असतं तर दुसऱ्या देशात पोचले असते," म्हणायची. गवत्या फार वर नव्हता, फार खालीही नव्हता. पण या धंद्यात एक सुरी कायम मानेवर असते. वर्षाच्या शेवटी सगळ्यांची यादी लागते. पहिल्या साठांत नाव असेल, तर पुढच्या वर्षी मोठ्या स्पर्धा खेळायचा हक्क राहतो. एकसष्टावा घरी जातो. पुन्हा खालच्या स्पर्धा, पुन्हा पोरासोरांबरोबर निवड परीक्षा. काहीजण तिथून कधीच वर येत नाहीत.

अठ्ठाविसाव्या वर्षी गवत्याची पाठ दुखावली, निम्मं वर्ष वाया गेलं. शेवटच्या स्पर्धेला उतरला तेव्हा तो यादीत त्र्याहत्तरावा होता. चार दिवस उत्तम खेळला तरच साठांत येणार होता. आणि तो खेळला! आम्ही सगळे दादाच्या बैठकीत रेडिओला कान लावून बसलो होतो. शेवटच्या दिवशी अठरावं भोक आटपलं, तेव्हा निवेदक म्हणाला की हा डावखुरा आता यादीत अठ्ठावन्नावा. वहिनीने सूनबाईला मिठी मारली. मी उभी राहून दादाला मुजरा केला. सेक्रेटरींना आता काय वाटत असेल, या विचाराने मला अंमळ जास्तच आनंद झाला, हेही सांगून टाकते.

आता त्या मैदानावर काय झालं ते सांगायचं, तर आधी मोथा सांगितला पाहिजे. मोथा म्हणजे हिरवळीचा वैरी. वर तीन पाती, दिसायला गरीब, पण खाली मातीत एक काळी गाठ. पाती उपटली आणि गाठ राहिली, की आठवड्यात स्वारी पुन्हा हजर. दादाला चालता चालता मोथा दिसला की तो वाकायचा, दोन बोटांनी मुळाशी धरून हलकेच ओढायचा, गाठीसकट बाहेर काढायचा आणि खिशात टाकायचा. पुन्हा गवतावर टाकला तर तिथेच रुजतो, म्हणून खिशात. आमच्या वहिनीने आयुष्यभर धुण्याआधी त्याच्या खिशातून मोथे काढले. गवत्या लहानपणापासून हेच करायचा. वाकणं, ओढणं, खिसा. शिंक यावी तितकं सहज.

खेळ संपला की खेळाडू एका टेबलापाशी जातो. गोल्फमध्ये तुमचे फटके तुमच्या सोबतचा खेळाडू लिहितो. तुम्ही तो कागद तपासता आणि सही करता. सही झाली की संपलं. गवत्याच्या सोबत एक उंच खेळाडू होता, सगळे त्याला लंबू म्हणत. लंबूने कागद पुढे केला. टेबलामागे नियम बघणाऱ्या बाई बसल्या होत्या. गवत्याने पेन्सिलीसाठी उजव्या खिशात हात घातला. पेन्सिलीबरोबर मोथा बाहेर आला.

हे सगळं मला नंतर लंबूनेच सांगितलं, चहा पिता पिता. म्हणाला, "आत्या, हा त्या मोथ्याकडे असा बघत बसला, जसा खिशातून साप निघालाय."

कारण गवत्याला तेव्हा आठवलं. चौदावी हिरवळ. त्याचा चेंडू काठाशी थांबला होता. लंबूचा फटका व्हायचा होता, म्हणून हा वाट बघत उभा होता. चेंडूच्या पुढे, वीतभर अंतरावर, नेमका भोकाच्या वाटेवर एक मोथा होता. हात गेला. वाकला, ओढला, खिसा. मग आपली पाळी आली तेव्हा चेंडू मारला, तो त्याच जागेवरून घरंगळत भोकाशी गेला. खेळताना चेंडूच्या वाटेतलं सुटं पान उचललं तर चालतं. उगवलेलं काही उपटलं, तर दोन फटक्यांचा दंड.

"बाई," गवत्या म्हणाला, "हे मी चौदाव्यावर काढलं. माझ्या चेंडूच्या वाटेतून."

बाईंनी चष्मा वर केला. लंबू म्हणाला, "मी काही पाहिलं नाही."

"तू तुझा चेंडू मारत होतास."

बाई माणसं ओळखणाऱ्या असाव्यात. त्यांनी यादी पाहिली होती, दोन फटक्यांनी काय होईल ते त्यांना कळत होतं. हळूच म्हणाल्या, "नीट आठवा. वाऱ्याने उडून आलेलं असेल. सुटं पडलेलं उचललं असेल तर दंड नाही."

त्या एका वाक्यात दरवाजा सताड उघडा होता. गवत्याने मोथा टेबलावर कागदाशेजारी ठेवला.

"सुटं कसं असेल, बाई? ही बघा गाठ. ओली माती आहे अजून."

चौदाव्यासमोरच्या चाराचे सहा झाले. त्याने सही केली. यादी पुन्हा लागली, तेव्हा तो एकसष्टावा होता.

आमच्याकडे रेडिओवर एवढंच कळलं की आकडा बदलला. दादाने रेडिओ बंद केला. तासाभराने फोन वाजला. सूनबाईने घेतला, थोडं ऐकलं आणि दादाकडे दिला. दादाला त्या वेळीही ऐकू कमी यायचं, त्यामुळे गवत्या ओरडून बोलत होता आणि पलीकडचं सगळं आम्हालाही ऐकू येत होतं.

"बाबा, मोथा होता. वाटेतला. मी उपटला. माझ्या लक्षातच आलं नाही!"

"काय होता?"

"मोथा! मोथा!"

दादाने फोन दुसऱ्या कानाला लावला. आयुष्यात मी पुष्कळ मोठमोठी वाक्यं रंगमंचावर म्हटली आहेत, आणि माझ्या मनात आलं, आता बाप काहीतरी असं बोलणार की पडदा पडावा.

दादाने विचारलं, "मुळासकट आला का?"

पलीकडे गवत्या हसायला लागला. आधी थोडं, मग खो खो. "आला बाबा. गाठीसकट. टेबलावर ठेवलाय अजून."

"मग ठीक. ये घरी."

तो आला घरी. सेक्रेटरींचं भविष्य खरं झालं, दोन वर्षांऐवजी नऊ वर्षांनी, एवढाच काय तो फरक. कात्री हातात घेऊन गवत्या बापाच्या मैदानावर परत कामाला लागला. सकाळी गवत कापायचा, दुपारनंतर खेळायचा. सेक्रेटरी समोर आले, म्हणाले, "काय गवत्या, मी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतंत ना," हा म्हणाला. "बरं झालं आलो. सातव्या हिरवळीची तुम्ही पार वाट लावलीत."

पण एका गोष्टीची त्याला खरंच धास्ती होती. निवड परीक्षा तीन महिन्यांवर आलेली, आणि हाताचा भरवसा नव्हता. बापाबरोबर रोज मोथे उपटायचे आणि परीक्षेत एकही उपटायचा नाही, हे हाताला कसं सांगणार? एक दिवस तो सहा विजारी घेऊन माझ्याकडे आला. मी नुकतीच रंगभूमीवरून उतरले होते आणि सुया-दोरे अजून हाताशी होते.

"आत्या, हे उजवे खिसे शिवून टाक."

"का रे?"

"खिसा सापडला नाही की लगेच लक्षात येईल."

"आणि तोपर्यंत मोथा कुठे असेल?"

त्याने विजार उलटी करून खिसा पाहिला. मग म्हणाला, "हातात."

"उपटलेला! अरे शहाण्या, चोरी झाल्यावर कुलूप लावतोयस."

"मग काय हात बांधून खेळू?"

मी विजारी बाजूला ठेवल्या. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा. रंगमंचावर हात रिकामा ठेवायचा नाही. रिकामा हात आपल्या मनाने वागतो, नाकाला जातो, पदराशी खेळतो, बोलणं तोंडात आणि लक्ष तिसरीकडे. म्हणून नटाच्या हाताला काहीतरी देतात, छडी, पंखा, पत्र. मी ट्रंक उघडली. तळाशी एक निळा रुमाल होता, एका नाटकात मी म्हाताऱ्या राणीचं काम करायचे तेव्हाचा. राणी रडत नसे, फक्त तो मुठीत धरून बसे. सव्वाशे प्रयोग धरला होता.

"घे. वाट बघायची वेळ आली की हा उजव्या हातात. तुझी पाळी आली की कमरेला खोच. मुठीत रुमाल असेल तर दोन बोटं मोथ्याकडे जाणार कशी?"

त्याने रुमालाचा वास घेतला. "डांबराच्या गोळ्या."

"राणीच्या आहेत. तोंड वाकडं करू नकोस."

परीक्षा सहा दिवसांची होती. सूनबाईने रजा काढली आणि ती दोरीबाहेरून त्याच्याबरोबर चालली. तिने मला सांगितलं, पाचव्या दिवशी नवव्या हिरवळीशी तो वाट बघत उभा होता. पायाशी मोथा होता, तिलाही दिसत होता. ती बस चालवत असली तरी माळ्याची सून, तिला ओळखता यायचा. गवत्या वाकला. अर्धा वाकला. रुमालाची मूठ गुडघ्यापर्यंत गेली, तिथे थांबली. तो सरळ झाला आणि दोरीबाहेर तिच्याकडे बघून त्याने रुमालाने घाम पुसला, तोही इतक्या थाटात की बाजूची बाई म्हणाली, हा नट आहे का हो?

त्या परीक्षेत तो दुसरा आला. दादाने हिरवळी कशा होत्या तेवढंच विचारलं. सेक्रेटरींनी पेढे दिले नाहीत, पण सभासद बसतात त्या पुढच्या खोलीत दादाला खुर्ची दिली, आणि त्याने ती नाकारली नाही. मातकट विजारीनिशी आरामात बसला.

त्यानंतर गवत्या साठाच्या बाहेर गेला नाही. तीन स्पर्धा जिंकला, त्या सगळ्या त्याच्या तिशीनंतरच्या. निळ्या रुमालाबद्दल लोकांनी काय काय तर्क लढवले! कोणी म्हणे नवस, कोणी म्हणे पहिल्या प्रेमाची आठवण. सूनबाईला एका वार्ताहराने थेट विचारलंच, तर ती म्हणाली, "राणीचा आहे." छापून आलं तसंच. कुठल्या राणीचा, याचा शोध लागायचा आहे.

गेल्या महिन्यात त्याने निवृत्ती घेतली. एकेचाळिसावं चालू आहे, पाठ पुन्हा कुरकुरते, आणि त्याला दादाच्या मैदानावर मुलांना शिकवायचंय. शेवटची स्पर्धा टीव्हीवर होती. दादा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, आणि मी त्याच्या मागोमाग आहेच. आम्ही दोघं त्याच बैठकीत बसलो. अठराव्या हिरवळीवर शेवटचा चेंडू भोकात पडला, लोक उभे राहिले. गवत्या थांबला. टाळ्या पोटभर वाजू दिल्या. शांतता झाल्यावर टोपी काढली. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते मी लपवलं नाही, लपवायचं वय गेलं.

मग तो आत टेबलापाशी गेला, सही केली आणि बाहेर आला. लोक अजून उभेच होते. त्याने निळा रुमाल घडी घालून डाव्या खिशात ठेवला. बटणही लावलं. आणि मोकळ्या उजव्या हाताने हिरवळीच्या काठाशी खाली वाकला.

टीव्हीवरचा समालोचक गहिवरून म्हणाला, "तो मातीला नमस्कार करतोय."

"नमस्कार कसला," दादा म्हणाला.

पाती वर आली. गवत्याने ती डोळ्यांसमोर धरली आणि त्याचं तोंड पडलं. तो गुडघ्यावर बसला आणि बोटाने उकरायला लागला. हजारो लोक टाळ्या वाजवतायत, आणि हा उकरतोय! एक माळीण धावत आली, तिथली असावी. कॅमेऱ्यात तिचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"अहो साहेब, हिरवळ उकरताय काय?"

"अर्धाच आला हो."

"काय अर्धाच?"

त्याने पाती दाखवली. तिने पाहिलं, कमरेची छोटी खुरपी काढली आणि तीही त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसली.

दादा खुर्चीत पुढे सरकला. बावीस वर्षांत त्याने गवत्याचा एकही आकडा कधी विचारला नव्हता. आता टीव्हीच्या काचेला जवळजवळ नाक लावून ओरडला, "अरे तिथे नाही! डावीकडे बघ, डावीकडे. गाठ डावीकडे असणार!"